दुसरा संघ खेळतो कधी?

जुलै महिन्यात शाळेच्या ग्रुपवर यादी येते. वरती ‘ए’ संघ, खाली ‘बी’. आपलं मूल खालच्या यादीत असलं की त्या संध्याकाळी घरात दोन प्रश्न निघतात: सरांनी असं का केलं, आणि आता वर कसं जायचं. लालबागच्या टॉवरमध्येही हेच प्रश्न आणि गिरगावच्या चाळीतही हेच. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते तोच पहिला असायला हवा. हा खालचा संघ या हंगामात किती सामने खेळणार आहे?

दुसऱ्या संघात टाकल्याने मुलाचं नुकसान होतं का, याला सरसकट उत्तर नाही. ज्या दुसऱ्या संघाला स्वतःचे सामने आहेत, त्यात दोन वर्षं काढलेलं मूल खेळाडू म्हणून वाढतं. ज्याला ते नाहीत, त्यातलं मूल फी भरून मार्कर उचलायला जातं. मुंबईत हे दुसऱ्या प्रकारचे संघ फार झाले आहेत.

फुटबॉल हा खेळ दादर-परळच्या मराठी घरांत तसा पाहुणाच. इथली मुलं क्रिकेट, कबड्डी, खो-खो यांत वाढली. विजय क्लबसारख्या मंडळांनी कबड्डीचे खेळाडू दिले, ओम् समर्थ भारत व्यायाम मंदिराने खो-खोचे, शिवाजी पार्कने क्रिकेटचे. शालेय फुटबॉल म्हटलं की नावं यायची ती माटुंग्याचं डॉन बॉस्को, माझगावचं सेंट मेरीज, भायखळ्याचं ख्राइस्ट चर्च, माहीमचं बॉम्बे स्कॉटिश, फोर्टातली कॅथिड्रल आणि कॅम्पियन यांची. मराठी माध्यमाच्या शाळेतला मुलगा पावसाळ्यात चिखलात फुटबॉल खेळायचा तो मजेसाठी, अनवाणी, आणि गोलपोस्ट म्हणून चपला ठेवून. निवड, राखीव, पहिला संघ ही भानगड त्याच्या वाट्याला क्रिकेटमध्ये यायची.

हे चित्र बदललं त्याला फार वर्षं झाली नाहीत. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) आली, मुंबई सिटी एफसी हा शहराचा संघ झाला. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात राज्य सरकारने एका दिवसात लाखो मुलांच्या पायाशी चेंडू नेण्याची मोहीम काढली. गिरण्यांच्या आवारात, मॉलच्या गच्चीवर, दोन इमारतींमधल्या बोळकांडीत हिरवे टर्फ अंथरले गेले आणि तासावर भाड्याने मिळू लागले. शाळा सुटल्यावर बार्सिलोना किंवा माद्रिदचा शर्ट घालून अकॅडमीला निघालेलं मूल आता परळ नाक्यावर कोणाला नवल वाटत नाही. मुलं वाढली, अकॅडम्या वाढल्या, फी वाढली. मैदानं मात्र होती तेवढीच राहिली, काही कमीच झाली.

दुसऱ्या संघाचा जन्म इथे होतो. कूपरेज, आझाद मैदानावरचं शालेय क्रीडा संघटनेचं मैदान, क्रॉस मैदानावरची कर्नाटक स्पोर्टिंगची जागा, परळचं सेंट झेवियर्स मैदान: दक्षिण आणि मध्य मुंबईत पूर्ण मापाचा सामना खेळवता येईल अशा जागांची यादी इथेच जवळपास आटोपते. शिवाजी पार्क आहे, पण तिथे क्रिकेटच्या नेट्स, सकाळचे फिरणारे, सभा आणि मेळावे या सगळ्यांतून उरेल तो कोपरा आपला. लालबागला तर गणपतीच्या दिवसांत सराव विसरायचा. जिथे मैदान आहे तिथे मांडव, जिथे मांडव नाही तिथे दर्शनाची रांग. शालेय फुटबॉलचा खरा हंगाम मात्र पावसाळ्यातच. मुसळधार पाऊस आला की सामना रद्द, आणि रद्द झालेला सामना पुन्हा लावताना पहिल्या संघाला अग्रक्रम.

‘दुसरा संघ’ म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एका नावाने ओळखतो, आणि अर्धा घोळ तिथेच आहे. एक म्हणजे शाळेच्या संघातले राखीव: अकरा मैदानात, पाच-सात बाहेर बिब घालून. दुसरा म्हणजे अकॅडमीचा ‘बी’ संघ, ज्याला वेगळा कोच, वेगळी वेळ आणि वरच्या संघाइतकीच फी असते. तिसरा म्हणजे क्लबने खालच्या श्रेणीच्या लीगमध्ये उतरवलेला खराखुरा दुसरा संघ, ज्याचं स्वतःचं वेळापत्रक, गुणतक्ता आणि कर्णधार असतो. पालकांना वाटतं की आपलं मूल या तिसऱ्या प्रकारात आहे. बहुतेकदा ते पहिल्या प्रकारात असतं, आणि पैसे दुसऱ्या प्रकाराचे भरलेले असतात.

आता निवडीकडे वळू. नऊ-दहा वर्षांच्या पन्नास मुलांची चाचणी घ्यायची, हाताशी तास-दीड तास, अर्धं मैदान आणि एक कोच. अशा वेळी डोळ्यांत काय भरतं? उंच मूल. पळणारं मूल. ज्याची किक लांब जाते ते. हे गुण आहेतच, पण त्यांतला बराचसा भाग कॅलेंडरचा असतो. भारतात वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. दहा वर्षांखालच्या गटात जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं मूल एकाच रांगेत उभं राहतं. दोघांत अकरा महिन्यांचं अंतर, म्हणजे त्या वयाच्या आयुष्याचा जवळपास दहावा हिस्सा. चाळिशीच्या कोचला स्वतःच्या वयाच्या मापाने अकरा महिने काहीच वाटत नाहीत.

कॅनडात रॉजर बार्न्सले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा मांडल्या तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी दिसली. पुढे फुटबॉलमध्येही तेच आढळलं. सगळ्यांत बोलका पुरावा बेल्जियमचा आहे. तिथे १९९७ मध्ये वयोगटाची तारीख १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आणली. वर्नर हेल्सेन आणि सहकाऱ्यांनी त्याआधीच्या आणि नंतरच्या निवडी तपासल्या. तारीख बदलताच ऑगस्ट-सप्टेंबरातल्या मुलांचा ‘गुण’ ओसरला आणि जानेवारी-मार्चमधली मुलं एकाएकी ‘गुणी’ ठरू लागली. मुलं त्याच देशातली, मैदानंही तीच. कागदावरची एक तारीख तेवढी सरकली होती.

म्हणून घरातलं मूल खालच्या यादीत आलं तर आधी त्याचा जन्ममहिना पाहावा. तो ऑक्टोबर ते डिसेंबर असेल तर निम्मं कोडं तिथेच सुटतं. हे मुलालाही सांगता येतं, आणि नऊ वर्षांच्या मुलाला ते कळतंही. शाळेतल्या मित्रापेक्षा आपण आठ महिन्यांनी लहान आहोत ही गोष्ट त्याला वाढदिवसाच्या केकवरून आधीच ठाऊक असते.

याच्या पलीकडे आपल्याकडे आणखी एक दुखणं आहे, वयचोरीचं. क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी २०१२ पासून मनगटाच्या हाडांचा एक्स-रे काढून वय ताडून पाहतं. फिफाने सतरा वर्षांखालच्या विश्वचषकासाठी २००९ पासून मनगटाची एमआरआय तपासणी आणली. शालेय पातळीवर जन्मदाखला हाच पुरावा, आणि दाखल्याला मिशा फुटत नाहीत. चौदा वर्षांखालच्या सामन्यात समोरच्या बचावपटूची दाढी पाहून हबकलेली मुलं मुंबईतल्या कुठल्याही मैदानावर भेटतील. प्रामाणिक वयाचं, उशिरा वाढणारं मूल अशा ठिकाणी पहिल्या संघात टिकणं कठीणच.

यावर उपाय आपल्या शेजारच्या मैदानात कधीपासून आहे, हे फुटबॉलवाल्यांच्या गावीही नाही. कबड्डीत किशोर आणि कुमार गटाला वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. नायगावच्या किंवा प्रभादेवीच्या मंडळातलं किरकोळ अंगाचं पोर आपल्या वजनाच्या पोरांशी भिडतं, आणि मग त्याची खरी चढाई दिसते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०१५ च्या सुमारास मुलांना जन्मवर्षाऐवजी शरीराच्या वाढीनुसार एकत्र खेळवण्याचे प्रयोग सुरू केले, बाथ विद्यापीठातल्या संशोधकांच्या मदतीने. त्याला तिकडे ‘बायो-बँडिंग’ म्हणतात आणि त्यावर परिषदा भरतात. तत्त्व आपल्या वजनकाट्याच्या फार जवळचं आहे. मुंबईतल्या एखाद्या अकॅडमीने महिन्यातला एक रविवार असा खेळवून पाहायला काय हरकत आहे? खर्च एका वजनकाट्याचा.

निवड झाल्यावर काय होतं, हे आपल्या पिढीला शाळेच्या तुकड्यांवरून समजायला हवं. मार्कांप्रमाणे अ, ब, क, ड पाडलेल्या शाळांत आपण शिकलो. ‘अ’ला मुख्याध्यापकांचे आवडते शिक्षक, ‘ड’ला जे उरतील ते. पुढे ‘ड’चे निकालही तसेच लागायचे आणि सगळे म्हणायचे, बघा, आम्ही बरोबर ओळखलं होतं. अमेरिकेत रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी १९६८ मध्ये हाच खेळ उलटा करून दाखवला. शिक्षकांना सांगितलं की अमुक मुलं यंदा झेप घेणार आहेत. नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी कशीही निवडलेली होती. वर्षाअखेरीस धाकट्या वर्गांतल्या त्या मुलांनी खरंच जास्त प्रगती दाखवली. हा परिणाम नेमका किती मोठा यावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण दिशा कुठल्याही शिक्षकाला पटेल अशीच आहे. मैदानावर ‘ए’ संघाला मुख्य कोच, चांगल्या जाळ्यांचा गोल आणि संध्याकाळचा उजेड असलेला तास मिळतो. ‘बी’ला कॉलेजात शिकणारा सहायक आणि कोपऱ्यातली खडबडीत जागा. सहा महिन्यांनी दोन संघांत अंतर पडलं तर ते मुलांचं किती आणि तासाचं किती, हे कोण वेगळं करणार?

तरीही मी तुकड्यांच्या पूर्ण विरोधात नाही. सगळ्यांना सरसकट एकत्र खेळवलं की तरबेज मुलं चेंडू आपापसांत फिरवतात आणि बाकीची मुलं पळत राहतात. दुसऱ्या संघात लाजाळू मुलाच्या पायाला चेंडू जास्त लागतो. त्याला मधल्या फळीत खेळायला मिळतं, फ्री किक घ्यायला मिळते, कधी कर्णधारपदही मिळतं. वरच्या संघात तो उजव्या कोपऱ्यातला शोभेचा बचावपटू झाला असता. पण हे सगळं सामना असेल तर. सराव हा सराव असतो. चूक केली की गोल होतो आणि तो गोल कोणीतरी लिहून ठेवतं, हे फक्त सामन्यात.

आणि सामनेच नाहीत. शासकीय शालेय स्पर्धा, ज्यांतून सुब्रतो कपची वाट दिल्लीपर्यंत जाते, बाद पद्धतीच्या असतात. शाळेचा एका वयोगटाचा एकच संघ. हरला की वर्ष संपलं. अशा स्पर्धेत शहाण्यातला शहाणा कोचसुद्धा राखीव मुलांना कसा उतरवेल? एक गोल आघाडी असेल तर ती राखायची असते, एक गोल पिछाडी असेल तर ती भरून काढायची असते. राखीव मुलाला मैदान मिळतं ते चार गोलांची आघाडी असताना शेवटची सात मिनिटं, किंवा चार गोल खाल्लेले असताना, जेव्हा कोणालाच काही फरक पडत नाही. मैदानाच्या कडेला उभे असलेले बाबा दबक्या आवाजात म्हणतात, “सर, आमच्याला उतरवा की दहा मिनिटं.” सर ऐकू न आल्यासारखं करतात. दोघांचंही चुकत नाही. स्पर्धेची रचनाच अशी आहे. मुंबई शालेय क्रीडा संघटना, १८९३ पासूनची, शालेय फुटबॉलमध्ये श्रेणी पाडते. त्याने कमजोर शाळांना आपल्या तोलाचे प्रतिस्पर्धी मिळतात आणि ही चांगली गोष्ट आहे. पण एकाच शाळेतल्या सोळाव्या ते तिसाव्या मुलाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

हे बदलता येतं, आणि बदललेलं आहे. नॉर्वेत मुलांच्या खेळाचे नियम १९८७ पासून आहेत. अकराव्या वर्षाआधी गुणतक्ता लावायचा नाही आणि तेराव्या वर्षाआधी राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. जर्मनीने २०२४-२५ च्या हंगामापासून अकरा वर्षांखालच्या मुलांसाठी छोटी मैदानं आणि छोटे संघ सक्तीचे केले. तीनास तीन, पाचास पाच, सारखी बदली, त्यामुळे बाकावर बसायला कोणी उरतच नाही. आपल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघानेही २०१८ मध्ये ‘गोल्डन बेबी लीग’ ही कल्पना आणली. लहान मुलं, छोटे संघ, मुलगे-मुली एकत्र, आणि बाद होण्याऐवजी महिनोनमहिने चालणारे सामने. कागदावर उत्तम. छोट्या संघांना तर मुंबईसारखं दुसरं शहर नाही, कारण आपल्याकडे टर्फ आहेत तेच मुळी पाचास पाचचे. असं असूनही बक्षीस-समारंभ, करंडक आणि प्रायोजकाचा फलक असलेली दोन दिवसांची बाद स्पर्धा पालकांना जास्त आवडते, आणि आयोजकांना तर आवडतेच. प्रत्येक संघाकडून प्रवेशफी आणि पहिल्या दिवशी दुपारीच निम्मे संघ घरी.

दुसऱ्या संघातल्या मुलाचं काय करावं, याचं मला माहीत असलेलं उत्तम उदाहरण याच पट्ट्यातलं आहे आणि ते क्रिकेटचं आहे. सचिन तेंडुलकर दादरच्या शारदाश्रमात आला तेव्हा तो शाळेच्या कनिष्ठ संघात होता. वरचा संघ हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धेचा अंतिम सामना वानखेडेवर खेळत होता. रमाकांत आचरेकर सरांनी त्या दिवशी सचिनसाठी दुसरीकडे एक सराव सामना ठरवून ठेवला होता. त्या संघाच्या कर्णधाराशी बोलून झालं होतं: हा चौथ्या क्रमांकावर खेळेल, याला क्षेत्ररक्षण नको. सचिन तो सामना सोडून वरच्या संघाला टाळ्या वाजवायला वानखेडेवर गेला. सर भेटले तेव्हा थप्पड बसली, हे सचिनने स्वतःच अनेकदा सांगितलं आहे. गोष्ट सांगताना लोक सरांच्या त्या थपडेवर थांबतात. मला तिच्यातला दुसरा भाग मोलाचा वाटतो. वरच्या संघात जागा नसलेल्या एका पोरासाठी एक शिक्षक मैदानोमैदान फिरून फलंदाजीची जागा मागत होता. स्कूटरच्या मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत होता. शाळेच्या पहिल्या संघात घ्या, असा हट्ट त्याने धरला नाही. त्याने सामने मिळवून दिले.

दुसरी गोष्ट अमोल मुजुमदारची, आणि ती इतकी सांगितली गेली आहे की तिचा अर्थच बदलला. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्डचा उपांत्य सामना. तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४ धावांची. पुढचा फलंदाज पॅड बांधून बसलेला. तेरा वर्षांचा मुजुमदार. पुढे त्याने रणजी पदार्पणात २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा जमवल्या, भारताची टोपी मात्र मिळाली नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला भारतीय महिला संघाने नवी मुंबईत विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक म्हणून तो होता, आणि मग सगळ्यांना ते पॅड आठवले. ‘बाकावर बसलास तरी धीर धर’ म्हणून ही गोष्ट मुलांना सांगतात. पण मुजुमदार त्या दिवशी बाकावर नव्हता, तो पहिल्या संघाचा फलंदाज होता, आणि त्याला आपल्या वाट्याचे सामने पुष्कळ मिळाले. जे मूल वर्षभरात वीस मिनिटं खेळतं, त्याला त्याचं उदाहरण लागू पडत नाही. धीर धरायला सांगणं स्वस्त असतं.

मोठ्यांसाठी मुंबईने सामन्यांची सोय फार पूर्वीच केली आहे. १९४८ पासून चालणाऱ्या क्रिकेटच्या कांगा लीगमध्ये ए पासून जी पर्यंत श्रेणी आहेत. ए मध्ये जागा नसेल तर एफ मध्ये खेळा, पण ओल्या खेळपट्टीवर दर रविवारी खेळा. अकरा वर्षांचा तेंडुलकर १९८४ मध्ये जॉन ब्राइट क्लबकडून कांगा लीगमध्ये उतरला तो याच रचनेमुळे. फुटबॉलमध्ये जुन्या हारवूड लीगपासून आजच्या मुंबई फुटबॉल असोसिएशनच्या लीगपर्यंत श्रेणींची उतरंड आहे, आणि मोठे क्लब खालच्या श्रेणीत आपला दुसरा संघ उतरवतात. जगातही दुसरा संघ उपयोगी पडतो तो असाच. लिओनेल मेस्सी ऑक्टोबर २००४ मध्ये बार्सिलोनाच्या मुख्य संघाकडून पहिला अधिकृत सामना खेळला, त्याआधी तो त्यांच्या ‘सी’ आणि ‘बी’ संघांकडून खऱ्या लीगमध्ये, दांडग्या माणसांशी खेळत होता. भारतातही २०१७-१८ पासून काही हंगाम आयएसएल क्लबांचे राखीव संघ आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत खेळले. मुद्दा एवढाच की ‘बी’ म्हणजे वेगळी लीग असं जिथे आहे तिथे कोणी त्या अक्षराचं ओझं घेत नाही.

पालकांच्या मनात याच्या मागे एक न बोललेला हिशोब असतो: पहिल्या संघात असला तर पुढे काहीतरी होईल. पुढे म्हणजे कुठे, हे एकदा तपासून घ्यावं. एके काळी या शहरात फुटबॉल म्हणजे नोकरी होती. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे, कस्टम्स, बँका, एअर इंडिया. चांगला खेळाडू मस्टरवर लागायचा, आणि मध्यम खेळाडूही एखाद्या खात्याच्या संघात सामावून जायचा. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावच राहिलं नाही. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, मुंबई एफसी २०१७ मध्ये. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा नव्या शतकाच्या तोंडावर थांबली. २०२५ च्या जुलैत तर आयएसएलचाच पुढचा हंगाम लांबणीवर टाकल्याचं जाहीर झालं होतं. शिखर इतकं अरुंद आणि डळमळीत असताना दहा वर्षांच्या मुलाच्या ‘ए’ आणि ‘बी’वरून घरात तीन दिवस अबोला धरणं हे हिशोबाच्याही विरुद्ध आहे. क्रीडागुण, खेळाडूंचं आरक्षण या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या जिल्हा, राज्य, राष्ट्र अशा पातळीवरच्या सहभागाला मिळतात. पाचवीतल्या यादीला कोणी गुण देत नाही.

मुलींचं वेगळं आहे. बहुतेक शाळांत मुलींचा एक संघ जमवतानाच दमछाक होते, त्यामुळे ज्या येतात त्या खेळतात. दुसऱ्या संघाचं दुःख त्यांना अजून परवडलेलं नाही.

मग प्रत्यक्षात काय करावं? नेहमी पडणारा पेच असा: नावाजलेल्या अकॅडमीचा दुसरा संघ की घराजवळच्या साध्या क्लबचा पहिला? बारा वर्षांपर्यंत मी डोळे मिटून दुसरा पर्याय घेईन. त्या वयात मुलाला चेंडू, सामने आणि खेळाची गोडी लागते. लोगो लागत नाही. करी रोडहून सीएसएमटी आणि तिथून पायपीट करत मैदान गाठायचं, आणि तासभर रांगेत उभं राहून आठ वेळा किक मारायची, यापेक्षा काळाचौकीच्या मैदानात मोठ्या मुलांबरोबर घातलेला तास किती तरी बरा. चौदा-पंधराच्या पुढे गणित थोडं बदलतं. तेव्हा सोबतचे खेळाडू आणि कोच यांचा दर्जा मोलाचा ठरतो, आणि चांगल्या संघाच्या सरावात रोज मार खाणंही शिकवतं. पण तेव्हाही आठवड्याला एक खरा सामना हवाच, मग तो खालच्या श्रेणीत का असेना.

मैत्रीचा भाग विसरू नये. एकाच इमारतीतली दोन मुलं, एक वर गेलं, एक खाली राहिलं. खाली राहिलेल्याला फुटबॉल सोडावासा वाटतो तो बऱ्याचदा संघ सुटला म्हणून नाही, बसमधला सोबती सुटला म्हणून. अशा वेळी दोघांचा सराव एकाच वेळी ठेवा एवढी विनंती कोचला केली तर ती मान्य होण्यासारखी असते. ‘आमच्याला वर घ्या’पेक्षा तर नक्कीच.

कोचवर सगळं ढकलणंही बरोबर नाही. चाळीस-पन्नास मुलं, एकट्याचा जीव, मुख्याध्यापकांना करंडक हवा आणि करार वर्षाचा. पण दोन गोष्टी त्याच्या हातात असतात. आठवड्यातला एक दिवस मुख्य कोचने दुसऱ्या संघाबरोबर काढावा. आणि यादी जुलैत लागली ती मार्चपर्यंत दगडावर कोरलेली नसावी. दर दोन महिन्यांनी दोन मुलं वर, दोन खाली असा रिवाज असला तर दोन्ही संघ जागे राहतात. हे करणारे कोच या शहरात आहेत, आणि त्यांच्याकडे मुलं टिकतात.

उरला प्रश्न सामन्यांचा, आणि त्यासाठी असोसिएशनची वाट पाहायची गरज नाही. दादरपासून लालबागपर्यंतच्या तीन-चार किलोमीटरच्या पट्ट्यात शाळांना तोटा नाही. दोन शाळांच्या दुसऱ्या संघांनी शनिवारी सकाळी एकमेकांशी खेळायला परवानगी, पाहुणे, करंडक काही लागत नाही. तासभर अर्धं मैदान, एक चेंडू आणि शिट्टी वाजवायला दहावीतला एखादा मुलगा पुरतो. पालकसभेत या वेळी आपलं मूल वर का नाही हे विचारू नका. दुसऱ्या संघाचे सामने कोणत्या तारखांना आहेत ते विचारा, आणि तारखा मिळेपर्यंत उठू नका.